शिडाच्या बोटीवरची गादी कशी निवडली

आमच्या बोटीच्या पुढच्या केबिनमधली गादी उचलली, तर खालचं प्लायवूड काळं पडलेलं होतं. गादीच्या पाठीवर बुरशीचे ठिपके, आणि कंबर टेकते त्या जागी फोम इतका बसलेला की तळहाताने दाबला तरी लाकूड लागायचं. बोट 30 फुटी, फायबरग्लासची, 1980 च्या दशकात बांधलेली. शिडं, दोर, इंजिन यांच्यावर आधीच्या मालकाने खर्च केला होता, आम्हीही केला, पण गाद्या मूळच्याच राहिल्या होत्या. जूनमध्ये बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा ठरवलं, या पावसाळ्यात दुसरं काही नाही, गाद्यांचंच काम करायचं.

ओळखीच्यांपैकी बऱ्याच जणांना हे चैनीचं खूळ वाटलं. मला तसं अजिबात वाटत नाही. कोकण किनाऱ्याला रात्री बोट चालवणं म्हणजे मच्छीमारांची जाळी, त्यांचे बोये आणि कधीकधी दिवा न लावलेल्या होड्या यांच्यामधून वाट काढणं. रात्री दोन वाजता सुकाणू हातात घेणाऱ्या माणसाला त्याआधीचे तीन तास खरी झोप मिळालेली असली पाहिजे. नुसतं आडवं पडून चालत नाही. बोटीवर आम्ही तिघं असतो, नवरा, मी आणि माझा धाकटा भाऊ. तिघांच्या पाळ्या लागतात, आणि एकाची झोप झाली नाही की उरलेल्या दोघांची रात्र जड जाते.

म्हणून सुरुवात फोमपासून केलीच नाही. आधी ठरवलं, कोण कुठे आणि कधी झोपतं.

अशा बोटीत झोपायच्या जागा तीन प्रकारच्या असतात. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, निमुळता होत गेलेला व्ही-बर्थ, मधल्या भागात जेवणाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाकं, आणि मागे कॉकपिटखाली, म्हणजे सुकाणू धरून बसतात त्या जागेखाली, आत सरकलेला क्वार्टर बर्थ. नांगर टाकून जयगडच्या खाडीत किंवा विजयदुर्गच्या किल्ल्याच्या आडोशाला उभे असू तर व्ही-बर्थ उत्तम. ऐसपैस जागा, डोक्यावर हॅच (छतातली झडप) उघडी, वारा आत येतो. पण बोट चालू असताना तिथे झोपता येत नाही, कारण लाटेवर सगळ्यात जास्त उचलली आणि आपटली जाते ती नाळ. मधला भाग सगळ्यात कमी हलतो. म्हणजे चालत्या बोटीतली झोप बाकावरच घ्यायची असते, आणि तिथे रुंदी जेमतेम 60 सेंटिमीटर. ती अरुंदीच हवी असते. मोकळ्या कडेला जाड कापड उभं ताणून बांधतात, त्याला ली-क्लॉथ म्हणतात. पाठ एकीकडे आणि हे कापड दुसरीकडे, असा माणूस मध्ये घट्ट बसला की स्नायू सैल सोडता येतात.

बर्थ म्हणजे काय हे मला 2018 च्या एका घटनेनंतर नीट कळलं. त्या सप्टेंबरमध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात, भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते आपल्या बर्थवर पडून होते. ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली, आणि ती जिच्या धर्तीवर बांधली ती 32 फुटी ‘सुहेली’ 1960 च्या दशकात आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. आमचा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने, त्याची तुलना होऊच शकत नाही. पण बोटीवर कुणी जायबंदी झालं तर त्याला धरून ठेवणारी एकच जागा असते, हे मनात पक्कं बसलं.

बाकाचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी फोमवाले सांगणार नाहीत. शिडावरची बोट सरळ नसते, कललेली असते. 20 अंश कललेल्या बोटीत शरीराचा साधारण एक तृतीयांश भार बाजूवर जातो. मुंबईहून दक्षिणेला निघालं की रात्री मतलई वारा डावीकडून, जमिनीवरून येतो, बोट उजवीकडे कलते, आणि उजव्या बाकावरचा माणूस गादी आणि पाठीची उशी यांच्या कोपऱ्यात झोपतो. परतीला तेच डाव्या बाकावर. म्हणजे बाकाच्या पाठीची उशी हीसुद्धा गादीच आहे. आम्ही तिचाही फोम बदलायचं ठरवलं, आणि आज मी म्हणेन की पैसे कमी असतील तर आधी ती बदला.

मग कुर्ल्याला फोमच्या दुकानात गेलो.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, “डेन्सिटी कितीची देऊ?” आणि लगेच स्वतःच उत्तर, “मॅडम, 40 घ्या, कडक येते.” इथेच सगळा घोळ आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल, किती लवकर बसेल याचा अंदाज येतो. तो दाबायला किती जोर लागतो, ही वेगळी गोष्ट. 40 डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि 28 चा कडक. कंपन्या कडकपणा वेगळा मोजतात. ठरावीक आकाराच्या तुकड्यावर गोल थाळी दाबतात आणि जाडी एक चतुर्थांशाने कमी व्हायला किती बळ लागलं ते नोंदवतात. दुकानात तो आकडा विचारला की बहुतेक ठिकाणी नुसतं बघत राहतात. या दुकानदाराने मात्र गोदामातून कंपनीचा कागद काढून दाखवला, आणि त्यावर एकाच डेन्सिटीच्या तीन प्रती होत्या, मऊ, मध्यम, कडक. मी त्याच्याकडूनच माल घ्यायचं तिथेच ठरवलं.

घरच्या गादीची सवय असलेला माणूस दुकानात बोटाने दाबून मऊपणा बघतो किंवा एकावर एक रचलेल्या सहा तुकड्यांवर आडवा होतो. त्याचा बोटीसाठी काही उपयोग नाही. घरी फोम जाड असतो, खाली लवचीक काहीतरी असतं. बोटीत चार-पाच इंच फोम आणि त्याखाली थेट प्लायवूड. म्हणून मी एकच तुकडा फरशीवर टाकायला सांगितला आणि कुशीवर झोपले. दोन मिनिटं नाही, चांगली पंधरा-वीस. खालच्या खांद्याला आणि कमरेच्या हाडाला फरशी जाणवते का, एवढंच बघायचं होतं. दुकानदाराने पंखा माझ्याकडे वळवला आणि त्याच्या कामाला लागला, भला माणूस. माझं वजन 56 किलो, नवऱ्याचं 88. जो मध्यम फोम मला नेमका वाटला त्यात त्याची कंबर खाली टेकली. त्याला जो बरा वाटला त्यावर माझा खांदा बधिर झाला. एकाच फोमने दोघांचं भागणार नाही, हे तिथे सिद्ध झालं.

मेमरी फोम मी पहिल्यांदा बाजूला काढला. तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि शरीराभोवती घट्ट बसतो. एप्रिलच्या रात्री पंख्याविना केबिनमध्ये ती ऊब सहन होत नाही. शिवाय हलत्या बोटीत माणूस झोपेत सारखा कूस सावरत असतो, आणि त्या खड्ड्यातून वळायला जास्त जोर लागतो. फोमचा चुरा दाबून केलेला रंगीबेरंगी बाँडेड फोम बाकाच्या बसण्यासाठी चांगला टणक, पण जड. स्वस्तातली काथ्याची गादी हवा छान खेळवते, मात्र तिच्यातलं रबर वर्षांनी कोरडं होऊन भुगा पडायला लागतो आणि तो भुगा बोटीच्या तळाशी साठलेल्या पाण्यात जाऊन पंपाची जाळी तुंबवतो. राहिलं लॅटेक्स. रबराच्या चिकाचं, आरपार भोकं असलेलं, त्यामुळे फोमपेक्षा थंड. दाबलं की आधी मऊ लागतं आणि मग आतून उलटा जोर देतं. त्याच्या दोन इंचांनी माझ्या खांद्याला जो आराम दिला तो तीन इंच साध्या फोमने दिला नव्हता.

पण लॅटेक्स महाग आणि वजनदार. हिशेब मांडला. आमचा व्ही-बर्थ साधारण 1.95 मीटर लांब, डोक्याकडे 1.8 मीटर रुंद, पायाकडे अर्धा मीटर. म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. पाच इंच जाडी धरली तर 40 डेन्सिटीच्या फोमचे 11 किलो होतात, आणि 80 डेन्सिटीच्या लॅटेक्सचे 22. नाळेवर वजन वाढलं की बोट लाटेत जास्त बुडी मारते. 8 मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला साधारण 1.4 किलो भरतं, म्हणजे 11 किलोच्या फरकात आठ मीटर साखळी येते, आणि ती साखळी मला नांगरासाठी जास्त प्यारी आहे. शिवाय गादीखालच्या खणात पाण्याची टाकी आणि जादा दोर असतात. तिथे पोहोचायला ती पुन्हापुन्हा उचलावी लागते. शेवटी खाली तीन इंच कडक 40 डेन्सिटी, वर दोन इंच लॅटेक्स, असं ठरलं. एकूण 16 किलोच्या आसपास. नवऱ्याच्या बाजूला खालचा थर आणखी एक प्रत कडक घेतला.

बाकांना वेगळा न्याय लावला. तिथे दिवसभर बसायचंही असतं, आणि बसताना सगळा भार छोट्या जागेवर येतो. मऊ फोम असेल तर माणूस लाकडावरच बसतो. म्हणून तिथे चार इंच कडक फोम, बस. रात्री नांगरावर कुणी तिथे झोपणार असेल तर दीड-दोन इंचाची लॅटेक्सची पातळ गादी गुंडाळून ठेवलेली आहे, ती वर पसरायची. बाकाची जाडी वाढवायचा मोह मी टाळला. गादी इंचभर उंचावली की ली-क्लॉथची उंची इंचभर घटते, टेबल मांडीला लागतं आणि वरच्या कपाटाखाली खांदा वळत नाही. बाकाशेजारी गॅसची शेगडी आहे आणि फोमचा धूर विषारी असतो, म्हणून त्या बाजूला आग लवकर न धरणारा फोम मागून घेतला.

आता बुरशी. फोम कितीही चांगला आणा, खालून हवा नसेल तर दोन हंगामांत पुन्हा तेच होणार. रात्रभर माणूस घाम आणि वाफ टाकतो, ती गादीतून खाली उतरते आणि प्लायवूडवर अडकते. थंड देशांत बोटीच्या गार भिंतीवर दंव धरतं ही मोठी तक्रार असते. आपल्याकडे त्याहून मोठा शत्रू मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच गादीचं होतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कोरड्या हवेतही पाणी धरतात. एकदा गादीत खारं पाणी गेलं, की ती उन्हात वाळवा, संध्याकाळी पुन्हा दमट. उपाय एकच, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढणं. त्यासाठी अभ्रा सहज निघणारा हवा, आणि ओल्या अंगाने, ओल्या कपड्यांनी कुणी बर्थवर बसणार नाही असा नियम हवा. आमच्या बोटीवर तो कडक पाळला जातो. झोपण्याआधी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसायचं, मगच आडवं व्हायचं.

हवेसाठी प्लायवूडला मोठी भोकं पाडली, कडा घासून घेतल्या आणि उघडं लाकूड इपॉक्सीने बंद केलं. त्याच्यावर काय टाकावं यावर खूप विचार झाला. जर्मनीतल्या फ्रोली कंपनीच्या प्लास्टिकच्या स्प्रिंग बोटींसाठी नावाजलेल्या आहेत. त्या हवाही खेळवतात आणि लवचीकपणाही देतात. पण मागवण्याचा खर्च आणि वाढणारी उंची, दोन्ही आम्हाला झेपणारी नव्हती. उत्तर भावाला सापडलं. तो गच्चीवर बाग करतो. मातीखाली पाणी निचरायला एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीदार चौकटी घालतात, त्यांना ड्रेन सेल म्हणतात. “ताई, ओल्या मातीचं वजन पेलतात त्या, तुमच्या दोघांचं काय,” तो म्हणाला. 20 मिलिमीटर उंचीच्या घेतल्या, बर्थच्या आकारात कापल्या, आणि वर जाळीचं जाड कापड घातलं, कारण नुसत्या ठेवल्या तर बोट हलताना त्या कुरकुरतात. भारतात बोटीच्या गादीसाठी काही करायचं असेल तर हे आधी करा, फोम नंतर.

माप घेणं हे सगळ्यात किचकट काम. बोटीची बाजू वर जाताना बाहेर फाकते, त्यामुळे गादीचा वरचा आकार खालच्यापेक्षा मोठा लागतो. एकाच कागदावर माप घेतलं तर वरच्या कडेला तळहाताएवढी फट राहते आणि उशी, चष्मा, मोबाईल सगळं त्यात जातं. आम्ही जुन्या फ्लेक्सच्या बॅनरवर दोन साचे काढले, एक प्लायवूडच्या पातळीवर आणि एक पाच इंच वर. दोन्हींवर मधली रेघ, कुठली बाजू वर, कुठली डावी, सगळं मार्करने लिहिलं. फोम साच्याहून सेंटिमीटरभर मोठा कापायचा म्हणजे अभ्रा ताठ भरतो.

गादीचे तुकडे किती करायचे यावर नवऱ्याशी बराच वाद झाला. एकसंध गादी झोपायला चांगली पण केबिनच्या दारातून आत जात नाही. आडवी चीर दिली तर ती कमरेखाली येते आणि रात्रभर टोचते. उभी चीर मधोमध दिली, दोघांच्या मध्ये, तिथे कुणीच झोपत नाही. डावा भाग त्याच्या वजनाचा, उजवा माझ्या, हा फायदाही त्यातूनच मिळाला.

शिवणकाम आमच्या भागातल्या जुन्या गादीवाल्या काकांनी केलं. काकांनी आयुष्यभर कापसाच्या गाद्या भरल्या, टाके घातले. तिरक्या कडेचा साचा बघून म्हणाले, “असली वाकडी गादी पहिल्यांदाच करतोय, पण तुम्ही एकदा शेजारी बसा.” मी बसले. चेन भुलेश्वरहून आणली होती, प्लास्टिकच्या दातांची. धातूची चेन खाऱ्या हवेत थोड्याच महिन्यांत अडकते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलीने कुजतो. काकांना कडेला पायपिंग घालायची होती, शोभा येते म्हणून. मी नको म्हटलं, कारण पाय खाली सोडून बसलं की पायपिंग पोटरीत रुततं. मधली बटणंही नकोत, तिथून पाणी आत जातं. वरचं कापड जाड सुती-पॉलिएस्टर मिश्र, मंगळदास मार्केटमधून. खालच्या बाजूला हवा जाणारी जाड जाळी, जी बुटांना आणि मोटरसायकलच्या सीट कव्हरला वापरतात. रेक्झिन कुणी सुचवलं तरी घेऊ नका. पाणी आत जात नाही हे खरं, पण घाम बाहेर जात नाही, आणि शिवणीतून आत गेलेलं पाणी कायमचं आतच राहतं.

दोन थर एकमेकांना सोल्युशनने पूर्ण चिकटवायचे नाहीत असं मी दुकानदाराला आणि काकांना दोघांनाही बजावलं होतं. चार कोपऱ्यांना थोडंसं पुरतं. पूर्ण चिकटवलं तर मधे एक टणक पापुद्रा होतो, हवा अडते, आणि पुढे एकच थर बदलायचा झाला तर दोन्ही फाटतात.

ऑक्टोबरअखेर बोट पाण्यात उतरली आणि आम्ही जयगडला गेलो. पहिल्या रात्री दिघीच्या पुढे मतलई पडला तेव्हा भावाची पाळी संपली. तो उजव्या बाकावर शिरला, ली-क्लॉथ बांधलं आणि बोट चांगली कललेली असतानाही पाळीला हाक मारेपर्यंत हलला नाही. उठल्यावर म्हणाला, पाठीच्या उशीमुळे झोप लागली, गादी तर जाणवलीच नाही. जयगडला नांगर टाकल्यावर व्ही-बर्थवर झोपलो. सकाळी माझा खांदा दुखत नव्हता. नवऱ्याने उठल्याउठल्या गादीचा कोपरा वर करून हात घातला. प्लायवूड कोरडं होतं. मार्चमध्ये, मग मेमध्ये पुन्हा बघितलं, तेव्हाही.

एक त्रास उरला आहे. लॅटेक्स उन्हात ठेवायचं नसतं. ऊन लागून ते पिवळं पडतं आणि भुगा होतं. म्हणून अभ्रे काढून उन्हात, पण फोम सावलीत वाऱ्यावर, उभा करून. पावसाळ्यात सगळ्या गाद्या घरी येतात आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहतात, चार महिने.

क्वार्टर बर्थ अजून बाकी आहे. तिथे वरचं छत इतकं खाली आहे की तीन इंचांच्या पुढे जाता येणार नाही, म्हणजे दोन इंच कडक आणि एक इंच लॅटेक्स, त्यातही पायाकडे फक्त फोम. कुर्ल्याच्या दुकानदाराला एक इंची लॅटेक्सचा तुकडा राखून ठेवायला सांगितलं आहे. साचे तयार आहेत.